जगाची शीव आणि जन्माची अट

१९७८ साली निघालेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, एक तक्ता आहे. कोणत्या वंशात जन्मलेल्या पात्राला कोणता क्लास, म्हणजे पेशा, घेता येईल आणि त्यात ते कोणत्या लेव्हलपर्यंत, म्हणजे कितव्या पायरीपर्यंत, चढेल, याचा. ड्वॉर्फ हा बुटका वंश आणि जादूगार यांची गाठ पडते तिथे सरळ नकार आहे. एल्फ या दीर्घायुषी वंशाला जादू शिकता येते, पण बुद्धिमत्तेचे १८ गुण असले तरी अकराव्या लेव्हलला त्याची चढण संपते. हाफलिंग या ठेंगण्या वंशाच्या लढवय्याला सहावी लेव्हल म्हणजे डोक्यावरून पाणी. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, व्हायचं तर माणसाच्याच पोटी जन्माला यायला हवं. त्याच पुस्तकात मानवी पुरुषाच्या ताकदीची कमाल १८/१०० आणि स्त्रीची १८/५० (१८ च्या पुढची ताकद शंभरात मोजायची). फासे काहीही पडोत.

ज्यांनी हा खेळ कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग, त्यातली गावं, हवामान, शत्रू, दुकानदार हे सगळं तो सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात उतरतात. पट नसला तरी चालतं, कोणी जिंकत-हरत नाही. बोलत बोलत खेळायचं आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. अशा खेळात 'तू कोण होणार?' हा पहिला प्रश्न असतो आणि पुढचं वर्षभर, कधी दोन-तीन वर्षं, त्याच उत्तरात राहायचं असतं. म्हणून या प्रश्नाचे पर्याय कोणी आणि कशाच्या जोरावर कमी करायचे, यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे.

वादाच्या दोन्ही बाजू मला चांगल्या माहीत आहेत, कारण मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतो. डीएम म्हणतो, जग मी बांधतोय, रात्री जागून नकाशे मी काढतोय, मग त्यात बेडूकतोंड्या समुद्री चाचा नको म्हणायचा हक्क मला का नसावा? खेळाडू म्हणतो, तुझ्या हातात अख्खं जग आहे, माझ्या हातात एकच पात्र, तेवढं तरी माझं राहू दे. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. पण दोघंही 'बंधन' हा एकच पदार्थ धरून चालतात, आणि गोंधळ तिथे आहे. जगात काय आहे आणि काय नाही, हे ठरवणारं बंधन वेगळं. जगात जो आहे त्याला जन्मावरून काय होता येईल, हे ठरवणारं बंधन वेगळं. पहिलं डीएमने मोकळ्या मनाने घालावं. माझं तर म्हणणं आहे की आज घातलं जातं त्याहून जास्त घालावं. दुसरं नियमाच्या पुस्तकात असूच नये. ते जगात हवंच असेल तर त्या जगातल्या माणसांच्या तोंडी, त्यांच्या कायद्यात, त्यांच्या पंचायतीत असावं, म्हणजे त्याच्याशी भांडता येतं.

पूर्वी सगळं कडक होतं आणि हळूहळू सैल होत गेलं, असा एक समज आहे. मूळ इतिहास तसा नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढलेल्या पहिल्या तीन पुस्तिकांत क्लास तीनच होते, पण खेळाडूला जवळपास काहीही होऊन खेळायला हरकत नाही असंही त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अट एवढीच की सुरुवात दुबळेपणापासून करायची. ड्रॅगन व्हायचंय? हो, पण लहान वयाचा ड्रॅगन. त्याही आधी अर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' या कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकाच जगात सलग चालणाऱ्या खेळात, सर फँग नावाचा एक व्हॅम्पायर खेळाडूच्या हाती होता. तो इतका डोईजड झाला की त्याला आवर घालायला धर्मगुरूसारखं एक पात्र आणावं लागलं, आणि पुढे जगभर खेळला जाणारा 'क्लेरिक' हा क्लास तिथून आला. एका खेळाडूला मोकळं सोडल्यामुळे खेळाचा एक खांब उभा राहिला, हे बंधनाची बाजू मांडणाऱ्यांनी विसरू नये. मी स्वतः त्याच बाजूचा आहे, म्हणून हे आधीच सांगतो.

मग १९७८ चा तो तक्ता कशासाठी? गायगॅक्सने १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये आपली बाजू मांडली आहे. त्याच्या मते हा खेळ माणसाभोवती फिरणारा असायला हवा. राक्षसांची पात्रं मागणारे बहुतेक खेळाडू फक्त ताकदीच्या मागे असतात, आणि माणसांची म्हणावी अशी भूमी नसलेलं जग डीएमला नीट उभं करता येत नाही. यातलं शेवटचं मला आजही पटतं. अडचण त्याने निवडलेल्या हत्याराची होती. माणसांचं जग हवं होतं तर एल्फ कमी दाखवायचे होते. दूर कुठेतरी, वर्षातून एकदा बाजाराला येणारे. त्याऐवजी पुस्तकाने एल्फ सगळ्यांच्या शेजारी आणून बसवला आणि त्याच्या डोक्यावर छत घातलं. शेकडो वर्षं जगणारा, लहानपणापासून जादूच्या सान्निध्यात वाढलेला तो एल्फ अकराव्या लेव्हलला का थांबतो, याचं उत्तर त्या जगात कुठेच नव्हतं. कोणी शाप दिलेला नव्हता, कोणी दार बंद केलेलं नव्हतं. तक्त्यात आकडा होता म्हणून तो थांबत होता. टेबलावर कोणाला त्या आकड्याशी बोलता येत नव्हतं, त्याच्याविरुद्ध कट करता येत नव्हता, त्याची माफी मागता येत नव्हती.

स्त्रियांच्या ताकदीचा आकडाही तसाच. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने तो काढून टाकला. लेव्हलची छतं मात्र तेव्हाही राहिली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा ती गेली. ड्वॉर्फ जादूगार झाला, हाफलिंगची सहावी लेव्हल ओलांडली गेली, आणि कोणत्याही जगाचा ऱ्हास झाला नाही.

मराठी वाचकाला यातला सल लगेच कळावा. एखाद्या घरात जन्मलेल्याने काय शिकायचं, कुठवर चढायचं, हे जन्माआधीच ठरलेलं असणं आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आपल्या मातीतल्या टेबलावर 'तू ड्वॉर्फ ना, मग मंत्र तुझ्यासाठी नाहीत' हे वाक्य निव्वळ खेळाचा नियम म्हणून ऐकू येत नाही. पण इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण आपल्याच कथांनी या प्रश्नाची जी मांडणी केली आहे ती त्या तक्त्यापेक्षा फार शहाणी आहे. एकलव्य निषादाचा मुलगा. द्रोण त्याला शिष्य करत नाही. नकार आहे, आणि तो जन्मावरूनच आहे. पण तो नकार द्रोणाचा आहे, हस्तिनापूरच्या व्यवस्थेचा आहे. एकलव्याच्या बोटांत तो नाही. मातीचा पुतळा करून तो शिकतो आणि अर्जुनाच्या तोडीचा होतो, म्हणून तर अंगठा मागायची वेळ येते. निषादाला नियमातच चौथ्या लेव्हलचं छत असतं तर द्रोणाला अंगठा मागावाच लागला नसता, आणि सांगण्यासारखी कथाही उरली नसती. कर्णाचंही तसंच. शाप मिळतो तो विद्या आलेल्याला.

जन्मावर आधारलेली बंदी जगात असू नये, असं मी म्हणत नाही. उलट अशी बंदी असलेलं जग खेळण्याजोगं असतं, कारण तिथे अन्याय आहे आणि अन्यायाला नाव-पत्ता आहे. ती बंदी निसर्गनियम म्हणून पात्राच्या शीटवर छापू नये, इतकंच माझं म्हणणं. 'या राज्यात ड्वॉर्फला मंत्रशाळेत घेत नाहीत' हे वाक्य कॅम्पेनची सुरुवात होऊ शकतं. 'ड्वॉर्फला मंत्र येत नाहीत' या वाक्यापुढे करण्यासारखं काही नसतं.

आता बंधनाच्या पहिल्या, मला प्रिय असलेल्या प्रकाराकडे येतो.

१९९१ मध्ये टीएसआर या मूळ प्रकाशकानेच 'डार्क सन' नावाचं जग बाजारात आणलं. जगाचं नाव अथास. समुद्राच्या जागी गाळाची धूळ. धातू इतका दुर्मीळ की हत्यारं हाडाची, लाकडाची, ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेची. जादूगार मंत्र टाकतो तेव्हा भोवतालच्या झाडोऱ्यातला जीव शोषला जातो, म्हणून जादूगार ओळखला गेला तर त्याची धडगत नसते. देव नाहीत. धर्मगुरू आहेत ते पृथ्वी, आप, तेज, वायू यांचे. पॅलाडिन नाही. नोम आणि ऑर्क हे इतर जगांतले नेहमीचे वंशही नाहीत. हाफलिंग आहेत, पण ते जंगलात राहतात आणि माणसं खातात. एल्फ म्हणजे वाळवंटात धावत फिरणाऱ्या टोळ्या, ज्यांच्याशी व्यवहार करताना पैशाची पिशवी घट्ट धरायची.

हे वाचल्यावर लक्षात येतं की पात्र निवडण्याच्या पानावर जे नाही त्यानेच हे जग अर्धं सांगून टाकलंय. खेळाडूने अजून फासाही टाकलेला नसतो आणि त्याला कळलेलं असतं की इथे प्रार्थनेला उत्तर देणारा कोणी नाही आणि पाणी जपून प्यायचं आहे. नोम का नाहीत, याचं उत्तर पुढच्या पुस्तकांत उलगडत गेलं: आज नगरांवर राज्य करणाऱ्या जादूगार-राजांनीच फार पूर्वी एकेक वंश वाटून घेऊन त्यांचा निर्वंश केला होता. म्हणजे यादीतली ती मोकळी जागा एका गुन्ह्याची खूण होती. 'मला नोम घ्यायचाय' असा हट्ट धरणाऱ्या खेळाडूला 'नाही' म्हणताना डीएम तिथे खेळाडूचं काही काढून घेत नाही, त्याच्या हाती पहिला धागा देतो. चौथ्या आवृत्तीच्या काळात, २०१० मध्ये, हे जग पुन्हा छापलं गेलं. तेव्हाही देवाची शक्ती वापरणारे क्लास बाहेरच ठेवले गेले, ही धीराची गोष्ट होती. मात्र मुख्य पुस्तकातले ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखी माणसं) आणि टीफ्लिंग (सैतानी रक्ताची, शिंगवाली माणसं) यांना त्यात जागा करून द्यावी लागली. ड्रॅगनबॉर्नसाठी निदान जुन्या पुस्तकातला एक सांधा सापडला. टीफ्लिंग मला तिथे आजही ठिगळासारखे दिसतात.

ही जागा का करून द्यावी लागते, हेही उघड आहे. एका टेबलावर डीएम एक असतो आणि खेळाडू चार-पाच. नव्या वंशांची, नव्या क्लासची पुस्तकं खेळाडूंना विकता येतात, जगाच्या मर्यादा सांगणारं पुस्तक मुख्यतः डीएम घेतो. प्रकाशकाने पर्याय वाढवत नेले यात त्याचा दोष मी धरत नाही. पण विकलेला प्रत्येक पर्याय प्रत्येक टेबलावर चाललाच पाहिजे, ही अपेक्षा त्यातून रुजली आणि ती मात्र खेळाला मारक आहे. शिंगवाली, पंखवाला, कासवाच्या पाठीचा आणि धातूचा, असे चौघं गावच्या खाणावळीत शिरतात आणि कोणी मान वर करून बघतही नाही, अशी सत्रं मी पाहिली आहेत. त्या चौघांनी निवड करताना जो विचार केला होता तो पहिल्या दहा मिनिटांत वाया गेलेला असतो. सगळेच विलक्षण असलेल्या जगात विलक्षण असण्याला काही किंमत मोजावी लागत नाही.

बंधन कुठवर ताणता येतं हे पाहायचं असेल तर ग्रेग स्टॅफर्डचा १९८५ चा 'पेंड्रॅगन' पाहावा. तिथे पर्याय एकच: आर्थर राजाच्या काळातला नाइट. टेबलावरचे सगळे नाइट. मग फरक कुठे? स्वभावात. दयाळू आणि क्रूर, सच्चा आणि कपटी अशा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया तेरा असेल तर क्रौर्य सात. मोक्याच्या क्षणी फासा स्वभावावर पडतो आणि आपला नाइट आपल्याला हवा तसा वागेलच याची खात्री राहत नाही. क्लास आणि वंश यांची दारं बंद झाली म्हणून खेळाडूला स्वभावाच्या खोलात उतरावं लागलं.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही द्यायला हवं. कीथ बेकरने रचलेलं 'एबेरॉन' हे जग २००४ मध्ये आलं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये जे जे आहे त्याला या जगात जागा आहे, हे त्याचं धोरण. माझ्या मतानुसार हे जग सपक व्हायला हवं होतं. ते झालं नाही, कारण बेकरने प्रत्येकाला जागा देताना इतिहासही दिला. गॉब्लिनांचं तिथे एके काळी साम्राज्य होतं आणि माणसांची शहरं त्याच्या पडक्या भिंतींवर उभी आहेत. ऑर्कांनी फार पूर्वी बाहेरून आलेल्या संकटापासून जग वाचवलं, आणि आता ते कोणाला आठवतही नाही. कोण चांगलं आणि कोण वाईट हे तिथे कातडीच्या रंगावरून ठरत नाही. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा आणि सरसकट दुष्ट असा छापलेला होता. ज्या परंपरेतून तो उचलला तिच्यात बिभीषण आहे, हिडिंबा आहे, घटोत्कच आहे. बेकरच्या जगात अशा तिघांना श्वास घेता आला असता. म्हणजे दार उघडं ठेवूनही जग बांधता येतं. पण त्यासाठी आत येणाऱ्या प्रत्येकाचं घर, गाव, वैर आधी लिहून ठेवावं लागतं. तेवढं करण्याची ताकद फार थोड्या डीएमकडे असते. नोकरी सांभाळून शनिवारी रात्री खेळवणाऱ्याने ते ओझं घेऊ नये. त्याने थोडं निवडावं आणि ते नीट सांगावं.

मी सध्या खेळवतो ते जग कोकणासारखं आहे. एक खाडी, तिच्या दोन्ही काठांवरची गावं, मागे घाट. एल्फ नाहीत, ड्वॉर्फ नाहीत, ड्रॅगनबॉर्न नाहीत. माणसं आहेत, आणि मरूनही न गेलेले आहेत: समंध, मुंजे, खवीस, पाण्यातला गिऱ्हा. क्लेरिकवर एक बंधन आहे आणि सगळ्या जगात माझं सर्वांत लाडकं तेच आहे. देवाची शक्ती गावाच्या शिवेपर्यंत चालते. ग्रामदेवता आपल्या गावाची, राखणदार आपल्या हद्दीचा. शीव ओलांडली की स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या शिल्लक संधी, कागदावर तसेच असतात, पण हाकेला ओ देणारं कोणी नसतं. पुढच्या गावात शिरलं की तिथल्या राखणदारापुढे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, त्याने मानून घेतलं तर मंत्र पुन्हा चालू.

पहिल्या बैठकीत हे सांगितल्यावर क्लेरिक घेणारी मैत्रीण म्हणाली, "म्हणजे घाटात मी बिनकामाची?" घाटात कोणाचीच शीव नाही, तेव्हा हो. पण त्या एका बंधनामुळे सगळ्यांचं खेळणं बदललं. रात्री मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न इतर कॅम्पेनमध्ये कोणी विचारतही नाही. आमच्याकडे त्यावर अर्धा तास वाद होतो, कारण शिवेच्या अलीकडे झोपलं तर जखमा भरतात आणि पलीकडे झोपलं तर नाही. नव्या गावात कोण आधी कोणाशी बोलणार, नारळ कोण आणणार, मागच्या गावच्या देवाचा अंगारा खिशात असताना इथला देव रुसेल का, असे प्रश्न खेळाडूच काढू लागले. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यातही नव्हतं.

आणि त्याच टेबलावर दुसऱ्या प्रकारचं बंधन समोर आलं. आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान ठरावीक घराण्यांचा असतो, हे खेळाडूंना माहीत होतं आणि माझ्या जगातही ते तसंच होतं. मैत्रिणीचं पात्र मात्र होडी चालवणाऱ्या बाईचं. मानकऱ्यांच्या घरातलं नाही, वर बाई. तिला क्लेरिक होता येईल का? १९७८ च्या तक्त्याच्या पद्धतीने उत्तर सोपं होतं. मी ठरवलं की गाव नाही म्हणेल, आणि देवाचं काय ते फाशावर सोडायचं. तिने रात्री, मानकरी झोपलेले असताना, देवीच्या अंगाला कळ्या लावल्या आणि फासा टाकला. उजवी कळी पडली. देवीने कौल दिला होता आणि गावाने दिलेला नव्हता. पुढचे कित्येक शनिवार आम्ही या एका गोष्टीवर खेळलो. मानकऱ्यांचा म्हातारा तिच्या हातचा अंगारा घ्यायला तयार नव्हता. त्याचा नातू तापाने फणफणत असताना तो काय करतो, यावर टेबलावरच्या लोकांचे आवाज चढले होते. तक्ता असता तर तिने मुकाट्याने दुसरा क्लास घेतला असता.

एकाला ड्रॅगनबॉर्नच हवा होता. इथे बंधनाची बाजू मांडणारे डीएम बऱ्याचदा चूक करतात: 'नाही' म्हणून विषय संपवतात. खेळाडू वंश मागतो तेव्हा त्या नावाआड काहीतरी वेगळं मागत असतो, ते विचारावं लागतं. याला खवलं किंवा आग यांची फार ओढ नव्हती. आपण कुठेही शिरलो की लोक जरा मागे सरकले पाहिजेत, असं त्याला हवं होतं. ते माझ्या जगात होतं. त्याच्या पात्राच्या अंगात खवीस येतो. बाजारात तो दिसला की बाया पोरांना जवळ ओढतात. त्याला हवं ते त्याला मिळालं, आणि ड्रॅगनबॉर्न झाला असता तर खाणावळीत कोणी वळूनही पाहिलं नसतं अशा जगात त्याला ते मिळालं नसतं.

याच्याशी जोडलेला एक आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. टीफ्लिंग, ऑर्क, ड्राऊ (भूमीखाली राहणारे, बदनाम एल्फ) अशी पात्रं निवडणाऱ्यांत असे अनेक असतात ज्यांना घरी, कॉलेजात, ऑफिसात आपण इथले नाही असं सतत वाटत आलेलं असतं. शिंगं घालून निदान एक संध्याकाळ ताठ मानेने वावरायचं असतं त्यांना. अशा माणसाला 'माझ्या जगात फक्त माणसं' असं सांगणं म्हणजे इथेही दार लावणं नाही का? होऊ शकतं, हे मी मान्य करतो. म्हणून जग बांधताना 'नाही'ची यादी करण्याआधी एक गोष्ट पाहावी: या जगात परकं असण्याची, वेगळं असण्याची, आणि तरी मानाने उभं राहण्याची सोय आहे ना? वंश एकच ठेवा, हरकत नाही. पण बाहेरच्या माणसाला जागाच नसलेलं जग करू नका. तसं जग करणारा डीएम बहुधा जगाचा विचार करत नसतो. त्याला आपल्या टेबलावर कोण बसलेलं चालेल, याचा विचार तो करत असतो, आणि तो विचार त्याने जगाच्या नावाखाली लपवू नये.

सोयीची बंधनं हा तिसराच प्रकार, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. संघटित खेळाच्या 'अ‍ॅडव्हेंचरर्स लीग'मध्ये बराच काळ मुख्य पुस्तक आणि आणखी एकच पुस्तक असा नियम होता, पहिल्याच लेव्हलला उडणारी पात्रंही तिथे चालत नसत. अनोळखी माणसं, वेळ ठरलेली, डीएम दर आठवड्याला वेगळा. तिथे हे लागतंच. पुण्या-मुंबईच्या बोर्ड गेम कॅफेत एका संध्याकाळपुरतं खेळवताना मीही पाच तयार पात्रं पुढे ठेवतो आणि यातलं एक घ्या म्हणतो. ही सोय आहे असं सांगून टाकलं की कोणाचं मन दुखत नाही. त्याला जगाच्या आत्म्याचा मुलामा देऊ नये, एवढं पुरे.

शेवटी आजच्या पुस्तकाबद्दल, कारण मला त्याची काळजी वाटते. २०२० मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या आजच्या प्रकाशकाने ऑर्क आणि ड्राऊ यांना जन्मजात दुष्ट रंगवणं चुकीचं होतं हे कबूल केलं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'ने वंशामुळे मिळणारे गुण हव्या त्या ठिकाणी हलवायची मुभा दिली. ऑर्क हुशार जन्मू शकतो, एल्फ आडदांड असू शकतो. ते मनापासून आवडलं. मग २०२४ चं नवं 'प्लेयर्स हँडबुक' आलं. त्यात गुणांची वाढ वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली आहे. सोळा पूर्वायुष्यं, प्रत्येकाला सहापैकी ठरलेले तीन गुण. शेतकऱ्याला ताकद, चिवटपणा आणि शहाणपण. सरदाराला ताकद, बुद्धिमत्ता आणि प्रभाव. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या पात्राला बुद्धिमत्तेत वाढ घेता येत नाही, सरदाराच्या घरातून आलेल्याला घेता येते. एल्फ-ड्वॉर्फमधून बाहेर काढलेला तोच तक्ता धंद्याच्या दाराने परत आत आला आहे, आणि या वेळी तो काल्पनिक वंशांपुरता राहिलेला नाही. शेतकरी तर आपल्या प्रत्येकाच्या घरात, निदान दोन पिढ्या मागे, आहे. नवं पूर्वायुष्य रचायची मुभा त्याच वर्षीच्या डीएमच्या पुस्तकात आहे, पण ती डीएमच्या मर्जीवर. खेळाडूच्या पुस्तकात जे छापलेलं असतं तेच बहुतेक टेबलांवर चालतं.

माझ्या पुढच्या कॅम्पेनचं एक पानी टिपण मी लिहितोय. त्यात शेतकरी, खारवी, गुरव, सरदार, कोणत्याही घरातून आलेल्या पात्राला सहापैकी हव्या त्या तीन गुणांत वाढ घेता येईल. एल्फ मात्र याही वेळी नसतील.